नोटीस दिल्यावर परत येऊन बघायचं काम कोणाचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या पेपरची जुनी वाचक आहे, पत्र मात्र पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. शहराचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण हे दुखणं एकट्या आमच्या पालिकेचं नाही. गोव्यात १३ नगरपालिका, पणजीची एक महानगरपालिका आणि १९१ पंचायती आहेत, आणि मी ज्या ज्या नातेवाईकांशी यावर बोलले त्या प्रत्येकाकडे अशी एक तरी गोष्ट निघालीच.

आमच्या घराच्या बाजूला काही वर्षांपूर्वी बिल्डिंग झाली. तिच्या स्टिल्टमध्ये, म्हणजे खाली गाड्या ठेवायला प्लॅनमध्ये जी मोकळी जागा दाखवलेली असते तिथे, आता तीन शटर आहेत आणि मागे एक खोली काढलीय जिच्यात कामगार राहतात. गाड्या अर्थातच रस्त्यावर. बाजूला जी जागा सोडायची असते तिथे काँक्रीट घालून जनरेटर बसवलाय, आणि त्या काँक्रीटखाली आमच्या दोन प्लॉटच्या मधून पावसाचं पाणी जायचा जुना चर बुजला. माझे सासरे सांगायचे की घर बांधायच्या आधीपासून तो चर होता, वरच्या टेकडीचं सगळं पाणी तिथूनच उतरायचं. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, हे पाणी कुठेतरी जाणारच ना, ते आता आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर येतं आणि जुलैत दोनदा आत आलं. त्यात बिल्डिंगचा सोकपिट, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवायचा खड्डा, भरला की तोही वाहतो, विहीर आमच्या अंगणात आहे, त्या पाण्याला वास यायला लागल्यापासून आम्ही ते पिणं सोडलं. चाळीस वर्षं त्या विहिरीचं पाणी प्यायलो. एवढं लिहिलं तरी अजून हात थरथरतो.

तक्रार दिली. खरं सांगायचं तर पहिल्यांदा ऑफिसातून तोंडी उत्तर मिळालं की हा शेजाऱ्या-शेजाऱ्यांचा खाजगी वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. हे उत्तर किती लोकांनी ऐकलं असेल देव जाणे! पाण्याची वाट अडवणं, पार्किंगची दुकानं करणं, सोकपिट उघड्यावर सोडणं हे माझ्याशी भांडण नाहीये, ज्या अटींवर त्यांना बांधकामाचा परवाना मिळाला त्या अटी त्यांनी मोडल्यात आणि परवाना दिला पालिकेनं, मी नाही. हे मी लेखी लिहून परत दिलं तेव्हा ज्युनिअर इंजिनिअर आला, टेप घेऊन मापं घेतली, फोटो काढले, मुलगा चांगला होता, म्हणाला मॅडम, माझ्याकडे परवान्याच्या फाईली पण आहेत, रस्त्याची कामं पण आहेत आणि तक्रारी पण, एकटा कुठे कुठे पोचू. मग नोटीस निघाली. मला त्याची प्रत आली त्या दिवशी मी देवाला नारळ दिला होता.

त्यानंतर दोन वर्षं काहीच नाही.

शेवटी मी माहिती हक्काचा अर्ज केला. दहा रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि नुसत्या झेरॉक्स मागायच्या असं नाही तर ऑफिसात बसून अख्खी फाईल बघायचाही हक्क आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून मुद्दाम लिहिते. मी गेले, बसले, पान पान बघितलं. तोपर्यंत मला वाटायचं की यांना दिसत नाही किंवा यांचं कोणीतरी तोंड बंद केलंय. पण फाईलमध्ये सगळं लिहिलेलं होतं. स्टिल्ट बंद केलाय, बाजूची जागा झाकलीय, सोकपिटचं झाकण फुटलंय, पाण्याची वाट बंद, मापांसकट. मी अर्जात लिहिलं होतं त्याहून जास्त त्यांच्या रिपोर्टात होतं. त्यानंतर नोटीस, त्यानंतर समोरच्या पार्टीनं वर अपील केल्याची प्रत, त्यानंतर स्टेचं, म्हणजे स्थगितीचं, पत्र, आणि ते पत्र मिळाल्याची पोच. बस, तिथे फाईल संपते. अपिलाची पुढची तारीख कधी, पालिकेचा वकील तिथे गेला का, स्टे किती दिवसांचा, कोणी विचारल्याची एक ओळ नाही. मी क्लार्कला विचारलं, आता पुढे काय, तर ती म्हणाली मॅडम आमच्याकडून नोटीस दिलेली आहे ना.

हे वाक्य मला तेव्हापासून सोडत नाहीये आणि हे पत्र त्याचसाठी आहे. आमच्या ऑफिसांत नोटीस दिली म्हणजे काम झालं असं धरतात. खरं काम तर तिथून सुरू व्हायला हवं. नोटीस देणं कोणाचं काम ते ठरलेलं आहे पण नोटिशीची मुदत संपल्यावर परत त्या जागेवर जाऊन बघणं हे कोणाच्याही टेबलावर नाहीये, आणि हे बिल्डरला आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

माझी मुलगी न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. परवाच्या हिवाळ्यात त्यांच्या बिल्डिंगचं हीटिंग बंद पडलं आणि मालक फोन उचलेना. तिथे नियम असा की १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात दिवसा बाहेरचं तापमान ५५ फॅरनहाइटच्या खाली गेलं तर घरात किमान ६८ असलंच पाहिजे आणि रात्री बाहेर काहीही असो, आत ६२. तिनं शहराच्या तक्रारीच्या ३११ नंबरला फोन केला, तक्रारीचा नंबर मिळाला, इन्स्पेक्टर येऊन मोजून गेला. मला त्यातलं सगळ्यात पटलं ते म्हणजे तिथल्या घरांच्या खात्याने उल्लंघनांचे तीन वर्ग केलेत, अ, ब, क म्हणा. अ म्हणजे जिवाला धोका नाही अशी गोष्ट, तिला ९० दिवस. ब म्हणजे धोक्याची, ३० दिवस. क म्हणजे तातडीच्या धोक्याची, त्यातल्या बहुतेक गोष्टींना २४ तास, हीटिंग आणि गरम पाणी नसणं त्यातच येतं. मालकाने केलं नाही तर शहर स्वतःची माणसं पाठवून दुरुस्ती करू शकतं आणि त्याचं बिल मालकाच्या प्रॉपर्टी टॅक्समध्ये लावतं. आणि हे सगळं पत्त्यावर उघडं असतं, म्हणजे मी इथे गोव्यात बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसून मोबाईलवर तिच्या बिल्डिंगचा पत्ता टाकला तर कुठल्या तारखेची कुठली तक्रार, कुठला वर्ग, मिटली की अजून बाकी, सगळं दिसलं. वर्षानुवर्षं बाकी राहिलेल्या गोष्टीही तिथे दिसतात, तिथले मालक काही देव नाहीत, मुलगी सांगते काही लोक दंड भरत बसतात पण काम करत नाहीत. पण बाकी आहे हे दिसतं तरी. घर भाड्याने घ्यायच्या आधी माणूस बघू शकतो. माझ्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये गेल्या वर्षी दोन फ्लॅट विकले गेले, घेणारी एक जोडी माझ्याकडे चहाला आली होती, त्यांना नोटिशीबद्दल काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं.

न्यूयॉर्क मोठं, पैसेवालं, त्याची बरोबरी आम्ही कशी करणार असं कोणी म्हणेल. पण वर्ग पाडायला पैसे लागत नाहीत. आमच्याकडे काय होतं ते सांगते.

आमच्याच गल्लीत पुढे एक म्हातारी राहते, आम्ही सगळे तिला आजी म्हणतो. घर जुनं, चिऱ्याचं, आतल्या भिंती मातीच्या, वर नळे, एका बाजूची भिंत बाहेर कलंडलीय. गेल्या मे महिन्यात तिलाही नोटीस आली, घर धोकादायक आहे, दुरुस्त करा नाहीतर पाडा. नोटीस चुकीची नाही, भिंत खरंच रस्त्यावर येईल, शाळेची मुलं तिथून जातात. पण आजीला दुरुस्ती करायची आहे हो, तिला करता येत नाहीये! घर अजून सासऱ्याच्या नावावर आहे. आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडपासून वारसा सगळ्यांत वाटला जातो, मुलींतही, ही खरं तर अभिमानाची गोष्ट आहे, पण इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, न करता दोन पिढ्या गेल्या की एका घराला पंधरा-वीस मालक होतात, एक मुंबईत, एक दुबईत, दोघं लंडनच्या बाजूला, एकाचा पत्ताच नाही. परवान्याला सगळ्यांची सही मागतात. आजी माझ्याकडे कागदांची पिशवी घेऊन आली होती, त्यात एक-चौदाचा (जमिनीचा) उतारा, सर्व्हे प्लॅन, जुन्या घरपट्टीच्या पावत्या, सगळं नीट प्लास्टिकमध्ये घालून ठेवलेलं. सर्व्हे प्लॅनवर घर स्पष्ट दिसतंय. मग आहे त्याच पायावर, आहे त्याच मापात भिंत परत उभी करायला दुबईची सही कशाला हवी? मालकी कोणाची ते कोर्ट ठरवील, भिंत तर आज पडतेय. एका नगरसेवकाने पैसे गोळा करून देतो म्हटलं तेव्हा आजी म्हणाली, पैसे आहेत माझ्याकडे, मला फक्त परवानगी द्या.

आता बघा, आजीला आलेली नोटीस आणि आमच्या शेजारच्या बिल्डिंगला आलेली नोटीस मी शेजारी शेजारी ठेवून वाचली. छापील मजकूर जवळपास तोच, मुदतीची भाषा तीच. एकीकडे करायची इच्छा आहे पण वाट नाही, दुसरीकडे वाट आहे पण करायचंच नाही. बिल्डिंगवाल्याने वकील लावून स्टे आणला. आजीला रात्री झोप येत नाही. मला तर राग याचा येतो की नोटिशीला घाबरतो तो फक्त साधा माणूस.

आणि तिसरी एक गोष्ट, बंद फ्लॅट. २०११ च्या जनगणनेत गोव्यातलं पाचातलं एकाहून जास्त घर रिकामं निघालं होतं, त्यानंतर किती बिल्डिंगी झाल्या ते आपण रोज बघतो. सेकंड होम म्हणून घेतात, वर्षातून दहा दिवस येतात. बाकी वर्षभर गॅलरीत कुंड्यांखालच्या ताटल्यात पाणी, गच्चीवरच्या टाकीचं झाकण उडालेलं, एसीच्या पाण्याचा पाईप तुटून भिंतीवर शेवाळ, त्यात पिंपळाचं रोप. डेंग्यूचे दिवस आले की आरोग्य खात्याची माणसं घरोघर येतात, माझ्या फ्रीजमागची ट्रे सुद्धा ओढून बघतात, बघावीच, पण बाजूच्या बिल्डिंगमधल्या बंद दारांना ते काय करणार? बेल वाजवतात, रजिस्टरमध्ये बंद असं लिहितात, जातात. पुढच्या फेरीला परत बंद. मालकाचा फोन नंबर घरपट्टीच्या ऑफिसात असतो पण आरोग्यवाल्यांकडे नसतो, म्हणजे एकाच शहराच्या दोन टेबलांत एक फोन नंबर जात नाही. रिकाम्या प्लॉटांचं तेच, पावसात माणसाएवढं गवत, त्यात लोक कचऱ्याच्या पिशव्या फेकतात आणि मग साप निघाला की सगळे ओरडतात.

बाकी रोजचे प्रकार सगळ्यांना माहीत आहेत, गच्चीवर पत्रे घालून एक मजला वाढवणं, बाल्कनी काचा लावून आत घेणं, कंपाऊंडची भिंत हळूच फूटभर रस्त्यावर सरकवणं, फूटपाथवर दुकानाचा काउंटर. यातल्या प्रत्येक गोष्टीवर हातोडा चालवा असं मी म्हणत नाही. पावसाची झड येते म्हणून कोणी बाल्कनीला पत्रा मारला तर तो अ वर्गात टाका, सांगा, वेळ द्या. पण जिना अडवलाय, बाहेर पडायची दुसरी वाट बंद केलीय, खांब कापलाय, सोकपिट विहिरीत उतरतोय, हे त्याच ढिगात कसं काय ठेवता?

कारण ढिगात ठेवल्यावर काय होतं ते आपण दोनदा बघितलंय. ४ जानेवारी २०१४ ला काणकोणला चावडीवर बांधकाम चालू असलेली बिल्डिंग कोसळली आणि ३१ जण गेले, बहुतेक पोटासाठी आलेले कामगार. आणि २०२५ च्या डिसेंबरात हडफडेच्या नाईट क्लबला आग लागून २५ जण गेले, त्यातले बरेचसे तिथे काम करणारेच. त्या बांधकामाला पंचायतीनं पाडायची नोटीस दिलेली होती आणि तिच्यावर वरून स्थगिती मिळालेली होती हे नंतर बाहेर आलं. त्या सकाळी मी ती बातमी वाचली आणि मला आमची फाईल आठवली, तीच नोटीस, तोच स्टे, तीच शेवटची पोच. मी पेपर खाली ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाही. तुम्ही त्या घटनेवर भरपूर छापलंत, मालक, परवाने, अटक, सगळं. माझं मागणं एवढंच की नोटीस आणि आग यांच्यामधल्या महिन्यांबद्दलही छापा. त्या महिन्यांत कोणी परत जाऊन बघितलं असतं तर?

कायदा कमी आहे असं मला वाटत नाही. पंचायतीसाठी १९९४ चा पंचायत राज कायदा आहे, पालिकांसाठी १९६८ चा, पणजीसाठी २००२ चा वेगळा, बांधकामाचे नियम २०१० चे. पंचायतीनं हातच हलवला नाही तर ते अधिकार वरच्या अधिकाऱ्याकडे जातात अशी सोयही कायद्यात आहे. मार्च २०२५ मध्ये हायकोर्टाच्या इथल्या खंडपीठानं स्वतःहून दखल घेऊन बेकायदेशीर बांधकामांवर कारवाई करायला सांगितलं. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलं की भोगवटा दाखला, म्हणजे बांधकाम प्लॅनप्रमाणे झालंय आणि वापरायला हरकत नाही असा दाखला, बघितल्याशिवाय वीज-पाण्याचं कनेक्शन देऊ नका, बँकांनी लोनही देऊ नये. त्याच्या एक महिना आधी त्याच कोर्टाने असंही सांगितलं की कोणाचंही घर पाडायच्या आधी किमान १५ दिवसांची नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यायलाच हवी. मला दोन्ही गोष्टी पटतात. अपील करायचा हक्क असावाच, उद्या चुकीची नोटीस मलाही येऊ शकते. पण अपिलाला तारीख असू दे. स्टे दिला तर तो किती दिवसांचा ते त्यावरच लिहा, आणि ज्या ठिकाणी माणसं कोंडून मरू शकतात तिथे स्टे फक्त पाडण्यावर द्या, धंदा चालू ठेवायला नको.

बेकायदेशीर बांधकामं नियमित करण्याबद्दलही लिहिते, नाहीतर कोणी म्हणेल हिला गरिबांची घरं पाडायचीत. सरकारने २०१६ च्या कायद्यात नियमित करायच्या बांधकामांसाठी २८ फेब्रुवारी २०१४ ही शेवटची तारीख धरली, आता 'माझे घर' योजनेतही सरकारी आणि कोमुनिदादच्या, म्हणजे गावाच्या सामायिक, जागेतल्या जुन्या घरांचा विचार चाललाय. तीस-चाळीस वर्षं एका छपराखाली राहिलेल्यांना कागद मिळाला तर मला आनंदच आहे, आजीसारखे कितीतरी आहेत. पण ती तारीख काणकोणच्या बिल्डिंगनंतर दोन महिन्यांच्या आतली आहे हे कोणी लक्षात घेतलंय का? त्यानंतर जे जे बांधलं ते सगळं माहीत असताना बांधलं. ती तारीख परत एकदा पुढे सरकली तर आज जो स्टिल्टमध्ये शटर बसवतोय तो फक्त थांबून राहील, त्याला घाई काहीच नाही.

माझ्या तीन मागण्या आहेत आणि त्या मी चीफ ऑफिसरला लेखी दिल्यात. नोटिशींची यादी, घर नंबर, वर्ग, मुदत आणि आज काय स्थिती आहे यासकट, पालिकेच्या बोर्डावर आणि वेबसाईटवर दर महिन्याला लावा, स्टे असेल तर पुढची तारीख पण लिहा. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी जागेवर जायचं काम एका माणसाच्या नावावर टाका, त्याच्याकडे परवान्याच्या फाईली देऊ नका. आणि आहे त्या मापात जुनं घर दुरुस्त करायचं असेल तर सर्व्हे प्लॅन बघून परवानगी द्या, मालकीचा वाद त्यात आणू नका. पोच मिळाली आहे, शिक्क्यासकट. पोच मिळून काय होतं ते आता मला माहीत आहे म्हणून हे तुम्हालाही पाठवतेय.

तुमच्या पेपरात सोन्याचा भाव रोज येतो, रविवारी राशीभविष्य येतं. महिन्यातून एकदा एका पालिकेची ही यादी छापता येईल का? पालिका देत नसेल तर माहिती हक्काखाली मागू, अर्ज मी लिहून देते, दुसऱ्या शहरांतल्या वाचकांनीही आपापल्याकडचे मागावेत. आमच्या फाईलच्या झेरॉक्स, अठ्ठावीस पानं, माझ्याकडे आहेत. तुमचा वार्ताहर येणार असेल तर संध्याकाळी चारनंतर यावं, मी घरीच असते, आणि पावसाच्या आधी आलात तर आजीची भिंतही दाखवते, आतून माडाचे दोन टेकू दिलेत, अजून उभी आहे.

आपली,
एक वाचक, गोवा